बैल हवापालटाला गेले

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळी ९.१०

रोजनिशी सुरू. कंपनीत ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं आम्ही मानतो. तोच नियम आजपासून घराला लावतोय. वाळूजच्या कारखान्यात सोळा वर्षं क्वालिटी खात्यात काढली. पार्ट हातात घेतला की व्हर्नियरनं मोजायच्या आधीच मला कळतं, पास की रिजेक्ट. माणसांचंही कळतं. पास फार कमी.

विषय: वडलांची बैलजोडी, माणक्या आणि हौश्या. तीन आठवड्यांपूर्वी गावी, पाचोडच्या बाजारात विकली. सल्ला माझा. वडील बहात्तरचे, गुडघे कामातून गेलेले, शेताची सगळी कामं भाड्याच्या ट्रॅक्टरवर. बैल नुसते उभे राहून कडबा खात होते. फोनवर अकरा मिनिटांत पटवून दिलं. वडील फक्त "व्हय" म्हणाले. खेड्यातला माणूस जनावरात जीव अडकवून बसतो. त्याला बाहेरून कुणीतरी थंड डोक्याचा लागतो.

शिल्लक काम एकच: शिवम आणि सत्यमला सांगणे. जुळे, वय सहा. अख्खा मे महिना त्या गोठ्यात काढलाय दोघांनी. २२ तारखेला पोळा. पोळ्याला पाचोडला जायचंच, आणि तिथं गोठा रिकामा दिसणारच. त्याआधी सांगायला हवं.

प्लॅन: आज जेवण झाल्यावर सांगणे. लागणारा वेळ पाच मिनिटं. जबाबदारी माझी.

३ ऑगस्ट. संध्याकाळी ६

सांगितलं नाही. जेवल्यावर मला झोप लागली. रविवार आठवड्यातून एकदाच येतो.

मेघाचं म्हणणं, लगेच सांगून टाका, मुलं समजून घेतात. बायको शाळेत शिकवते, त्यामुळे मुलं फक्त आपल्यालाच कळतात असा तिचा समज आहे. मी म्हणालो, प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते. ती म्हणाली, मग पद्धतीनं सांगा. मी पेपर उघडला.

वडलांना फोन करून बजावलं: पोरांशी बैलांचा विषय काढायचा नाही, मी माझ्या पद्धतीनं सांगतो. "बरं" म्हणाले. वडील माझ्या शब्दाबाहेर नाहीत.

मंगळवार, ५ ऑगस्ट

परिस्थिती हाताळली. उत्तम हाताळली.

ऑफिसातून आलो तर दोघं पालथे पडून चित्र काढत होते. वहीत दोन बैल. म्हणजे आता विचारणार. विचारायच्या आधीच उत्तर द्यावं, हे मी ऑडिटमध्ये शिकलोय. म्हणालो, माणक्या आणि हौश्या सध्या खुलताबादला आहेत, आजोबांच्या ओळखीच्या एकांच्या मळ्यात. हवापालटाला. डोंगरावर हवा थंड, चारा हिरवा. जनावरालाही चेंज लागतो.

शिवमनं सत्यमकडं बघितलं. सत्यमनं शिवमकडं. मग सत्यम उठला, आपल्या हातातली चिक्की मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. एरवी हा मुलगा चिक्कीचा कागदही कुणाला देत नाही. म्हणजे पटलं.

मेघा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, बैल हवापालटाला. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

हे कायमचं उत्तर नव्हे. तात्पुरती दुरुस्ती. मुख्य काम रविवारी.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. पोळ्यानिमित्त लहान मुलांची मातीचे बैल करण्याची स्पर्धा, रविवारी १७ तारखेला, क्लब हाऊसमध्ये. परीक्षक: समोरच्या फ्लॅटमधल्या सुरेखाताई. यांनी उन्हाळ्यात 'माती आणि मस्ती' नावाचा क्लास काढला होता. आठ दिवस मुलांकडून मातीची गोगलगाय करून घेतली. ज्याला काहीच जमत नाही त्याचीही गोगलगाय होतेच. नंतर सर्टिफिकिटं.

सातारा परिसर नावाच्या उपनगरातल्या या आमच्या सोसायटीत चौऱ्याऐंशी फ्लॅट. निम्म्यांचे बाप शेतकरी, पण विचाराल तर सांगतात, "नेटिव्ह प्लेस आहे आमचं एक." यांच्या पोरांनी बैल फक्त मोबाईलवर पाहिला. हे करणार जोडी.

मला इथं सोल्यूशन दिसलं. पोरांकडून जोडी करून घ्यायची (मार्गदर्शन माझं). पहिलं बक्षीस. पोरं आनंदात. त्या आनंदात सहज सांगून टाकायचं की ती खरी जोडी आता दुसऱ्यांकडं असते. धक्का अर्धाही बसणार नाही. असं प्लॅनिंग किती बाप करतात?

पोरांना स्पर्धेचं सांगितलं. शिवम म्हणाला, बैल आम्ही करणारच आहोत, पण स्पर्धेसाठी नाही. पोरांत जिद्द म्हणून नाही. हे आजोळाकडून आलं.

शनिवार, ९ ऑगस्ट. राखी

माती आली. वडलांनी एसटीतून गोणी पाठवली. शेतातली काळीभोर माती. सुरेखाताईंच्या क्लासात पिशवीतली पांढरट माती वापरतात, जिला ना वास ना गाव. मी ग्रुपवर गोणीचा फोटो टाकला. खाली लिहिलं: ओरिजिनल. अकरा अंगठे आले. सुरेखाताईंचा नाही आला.

पोरं माती यायच्या आधीपासून आजोबांना फोन करताहेत. बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन. सहा वर्षांच्या मुलांना असं काय बोलायचं असतं कोण जाणे. चांगलं आहे, वडलांचा वेळ जातो.

रविवार, १० ऑगस्ट. संध्याकाळी ६

उत्पादन सुरू.

शिवम-सत्यमनं मिळून दोन बैल केले. सांगायला वाईट वाटतं, पण दोन्ही रिजेक्ट. एकाचं डावं शिंग खाली गालापर्यंत आलेलं. दुसऱ्याची मान एका बाजूला, जणू रस्त्यात कुणीतरी हाक मारली. वशिंडांची उंची वेगळी, फरक नऊ मिलिमीटर. मी व्हर्नियर लावून दाखवलं. जोडी म्हणजे जोडी, दोन्ही पार्ट सारखे हवेत. सत्यम म्हणाला, ते सारखे नाहीतच, बाबा. म्हटलं, तेच तर सांगतोय. तो म्हणाला, नाही, तसं नाही. आणि पुन्हा शिंगाला माती लावायला लागला.

शिंग सरळ करायला घेतलं तर दोघांनी बैल उचलला आणि बेडरूममध्ये नेऊन दार लावलं. आणखी एक: त्यांच्या हातांना शेणाचा वास येत होता. सोसायटीच्या गेटबाहेर गाय असते, तिचं शेण आणून मातीत कालवलं होतं. वर चुलीची राख, ती मेघाला सांगून कुणाकडूनतरी मागवलेली. म्हटलं, ओरिजिनल मातीत भेसळ? हात धुवायला पाठवलं.

मग मी स्वतःची मास्टर जोडी करायला बसलो. डेमोसाठी. बैल उत्तम झाला, पण टेबलावर ठेवला तर डुगडुगला. पुढचा पाय किंचित कापला. मग मागचा लांब वाटला. तो कापला. मग पुन्हा पुढचा. पाच वाजेपर्यंत पोट टेबलाला टेकलं. बसलेला बैल म्हणून ठेवला. शेतात बैल बसतातच.

सांगायचं राहिलं. हात मातीचे होते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मास्टर जोडीला तडे. एकाच्या पाठीवरून असा गेलाय की आत बोट जातं. दुसऱ्याचं डोकं सकाळी वेगळं सापडलं. पोरांच्या रिजेक्ट मालाला एकही तडा नाही. खिडकीत मजेत वाळताहेत.

रूट कॉज: हवामान.

शहागंजला कामासाठी गेलो होतो तर रस्त्याच्या कडेला बन्सी नावाचा कुंभार बैल मांडून बसलेला दिसला. सहज, माहिती म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नुसत्या काळ्या मातीचं केलं का साहेब? ती तर उलणारच. शेण, राख काहीतरी लागतं तिच्यात. शेतकऱ्याच्या घरचे दिसता, एवढं तर म्हाईत असंल." मी म्हणालो, माहीत आहे, टेस्ट घेत होतो.

पोरांना शेणाचं कुणी सांगितलं ते विचारलं. आजोबांनी, फोनवर. मला का नाही सांगितलं वडलांनी? मी विचारलं नव्हतं, म्हणून असेल. त्या पिढीत माहिती स्वतःहून देण्याची पद्धत नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट. सकाळी ७

दुसरी मास्टर जोडी तयार. शेण-राख घातलेली (स्वतः संशोधन करून). चार दिवस पाऊस, ऊन नाही. मेघाचा ओव्हन रिकामा पडलेला असतो. इंडस्ट्रीत ओल काढायला ओव्हनच वापरतात. शंभर डिग्रीला सुरुवात, मग दोनशे.

१४ ऑगस्ट. सकाळी ७.५०

आवाज मोठा झाला. काच शाबूत.

मेघा या ओव्हनमध्ये नानकटाई करते. करत होती. घरभर जो वास सुटला त्याबद्दल समोरच्या सुरेखाताईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक ना. मेघानं सांगितलं, बैल भाजत होते. दोघी बराच वेळ हसत होत्या. शिकलेल्या बायका आणि प्रयोगाची एवढीशी कदर नाही.

शिवम-सत्यम ओव्हनमधले तुकडे चिमट्यानं काढायला मदत करत होते. शिवमला एक कान सापडला. त्यानं तो पुसून माझ्या हातावर ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, होतं असं कधीकधी. हे वाक्य शाळेत शिकवतात वाटतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण देशाच्या आनंदाच्या दिवशी असलं काही बोलू नये.

त्याऐवजी खुलताबादच्या गोष्टीला थोडा आधार दिला. सांगितलं की कालच फोन आला होता, माणक्याचं वजन वाढलंय, हौश्याला तिथलं पाणी मानवलं. दोघं ऐकून घेत होते. सत्यमनं विचारलं, बाबा, तुम्हाला त्यांची आठवण येते का. म्हटलं, मला कशाला येईल? बैल आहेत ते. मी कामाचा माणूस. तो "बरं" म्हणाला, अगदी माझ्या वडलांसारखा. मग शिवमनं कारण नसताना मला पाणी आणून दिलं.

ही मुलं भोळी आहेत. पुढं जगात कशी टिकणार, चिंता वाटते.

शनिवार, १६ ऑगस्ट

वास्तववादी निर्णय. उद्या स्पर्धा. हातात फक्त पोरांचा रिजेक्ट माल, तोही ती द्यायला तयार नाहीत. बक्षीस नाही तर आनंद नाही. आनंद नाही तर सांगणार कसं? सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, हे मेघाला समजत नाही. ती म्हणते, ओ, दोन वाक्यं आहेत फक्त.

शहागंजला जाऊन बन्सीकडून एक जोडी आणली. याला फसवणूक म्हणत नाहीत, आउटसोर्सिंग म्हणतात. मोठमोठ्या कंपन्या करतात. घरी आणून पॉलिश पेपरनं थोडी खडबडीत केली, एका बैलावर ओल्या मातीचा अंगठा उमटवला, म्हणजे लहान मुलाचं काम वाटेल. पांढरा रंग, निळी झूल. देखणी दिसते जोडी. दोन्ही पार्ट तंतोतंत सारखे.

बाकीचे पालक काय करणार ते मला माहीत आहे. आयतं आणून पोराचं नाव लावतील. लाज नाही लोकांना.

रविवार, १७ ऑगस्ट

स्पर्धा झाली.

क्लब हाऊसमध्ये बावीस जोड्या. सुरेखाताई प्रत्येक बैल हातात घेऊन बघत होत्या, जणू जन्म बैलबाजारात गेला. आमची जोडी उचलली, उलटी केली. पोटाखाली गेरूनं ७ लिहिलेलं. बन्सीच्या मालाचा आकडा. फायनल इन्स्पेक्शनमध्ये माझ्याकडून, सोळा वर्षांत पहिल्यांदा, पोट बघायचं राहिलं.

त्यांनी आमची जोडी खाली ठेवली. शेजारची जोडी उचलली, ती बी विंगमधल्या इंजिनिअरच्या मुलीची. खाली ८. पलीकडं ११. एकूण नऊ जोड्यांच्या पोटावर आकडे. त्यांनी एवढंच विचारलं, मुलांनो, हे कुणीकुणी स्वतः केले? शिवम आणि सत्यम एका सुरात म्हणाले, हे आमचे नाहीत, आमचे घरी आहेत. भर सभेत. बापाचं तोंडही बघितलं नाही. बी विंगमधल्या मुलीला तरी तिच्या बापानं हो म्हणायला शिकवलं होतं. एवढं होमवर्क मी केलं नाही, ही माझी चूक.

बक्षीस एका चार वर्षांच्या मुलाला. त्यानं जे केलं होतं त्याला मी गोगलगाय म्हणेन.

घरी आल्यावर पोरांना रागावणार होतो. पण दोघं बेडरूममध्ये आपल्या रिजेक्ट बैलांना गेरू लावत होते. पांढरा का नाही, विचारलं. शिवम म्हणाला, ते लालच आहेत. तेव्हा मला आठवलं की वडलांची जोडी लाल कंधारी जातीची होती. मी म्हणालो, हो, तेच म्हणत होतो मी.

मंगळवार, १९ ऑगस्ट

नवीन अडचण. मी प्लॅन केला होता: शुक्रवारी पोळ्याला सकाळी जायचं, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी परत. गर्दी, गडबड, वाजंत्री, गावातल्या इतरांचे बैल. त्यात रिकामा गोठा कुणाच्या लक्षात येतो?

पण पोरं म्हणतात, गुरुवारीच जायचं. खांदेमळणीला. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात, ते चुकवायचं नाही. मी विचारलं, कुणाच्या खांद्यांना? निसटून गेलं तोंडातून. शिवम वहीत डोकं घालून बसला. मग मीच सावरलं की माणक्या-हौश्या खुलताबादहून परवापर्यंत परतले नाहीत तर पंचाईत होईल, घाटात रस्ता खराब आहे. सत्यम जवळ येऊन बसला. म्हणाला, बाबा, राहू द्या. तुम्ही टेन्शन घेऊ नका.

टेन्शन. सहा वर्षांचं पोर. कुठून उचलतात हे शब्द?

सुट्टीचा अर्ज टाकला. कारण लिहिलं: कौटुंबिक. मॅनेजरनं विचारलं, कुणी आजारी आहे का. हो म्हणालो.

बुधवार, २० ऑगस्ट

उद्या निघायचं. आता शेवटची तारीख, मुदतवाढ नाही. आडूळला चहाला थांबणार. तिथं, गाडीतून उतरल्यावर, मोकळ्या हवेत, दोघांना समोर उभं करून सांगायचं. वाक्यं तयार आहेत. आरशासमोर म्हणून बघितली. पहिलं वाक्य चांगलं जमतं. दुसऱ्याला आवाज जरा बसतो, पण तो एसीचा परिणाम आहे, शॉप फ्लोअरला दिवसभर एसी.

मेघाला वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, राजू, तू झोप. लग्नाला बारा वर्षं झाली, राजू तिनं दोनदाच म्हटलं असेल.

गुरुवार, २१ ऑगस्ट. सकाळी ११.४०, आडूळ

नाही सांगितलं. भजी गरम होती, पोरं खात होती. खाताना वाईट बातमी दिली तर पचन बिघडतं. पाचोडच्या फाट्यावर सांगतो.

२१ ऑगस्ट. दुपारी १२.१५, फाटा

ट्रक मागून हॉर्न देत होता.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा. संध्याकाळी ६, पाचोड

काल काय झालं त्याची नोंद. नोंद करावी असं वाटत नाही, पण नियम मीच केलाय.

गाडी थांबली आणि दोघं खोका घेऊन उतरले ते घराकडं गेलेच नाहीत. थेट गोठ्याकडं. मी मागून थांबा थांबा म्हणत पळालो. पायात नवीन चप्पल, अंगणात घसरलो, उठलो. आई ओट्यावरून म्हणाली, जाऊ दे त्यांला. मी म्हणालो, आई, तुला माहीत नाही.

गोठ्यात वडील बाजेवर बसलेले. नवा सदरा घातलेला. शेजारी वाटीत हळद आणि लोणी. मला वाटलं, म्हातारपण. सवयीनं घेऊन बसले असतील.

पोरांनी खोक्यातून बैल काढून गव्हाणीत ठेवले. तेच ते रिजेक्ट. मी पुढं होऊन जरा नीट मांडले तर सत्यमनं त्यांची जागा बदलली. म्हणाला, माणक्या डावीकडं असतो. वडलांनी वाकून बघितलं. वाकताना गुडघ्याला हात लावला. झुकलेल्या शिंगावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याची वाकडी मान बघितली. ते हसले. म्हणाले, हौश्या अजून रस्त्याकडंच बघतो व्हय. गेल्या पोळ्यानंतर मी वडलांना हसताना बघितलं नव्हतं. त्या जोडीतल्या एकाचं शिंग झुकलेलं होतं आणि दुसरा मान वाकडी ठेवायचा, हे मी पंधरा वर्षं त्या गोठ्यात येऊन-जाऊन बघितलं नव्हतं. फोनवर मी त्यांचं वजन आणि वय विचारलं होतं.

वडलांनी बोटानं हळद-लोणी घेतलं. बैल एवढेसे, म्हणून करंगळी वापरली. दोघांचे खांदे चोळले. सावकाश. पोरांनी हात जोडले आणि तिघं एकदम म्हणाले, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.

आता बोलणं भागच होतं. मी म्हणालो, बाळांनो, तुम्हाला एक सांगायचं होतं. खुलताबादला.

शिवम म्हणाला, "बाबा, आम्हाला माहितीये. ते विकले."

कधीपासून, विचारलं. विकले त्याच दिवसापासून. आजोबांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं होतं. दोघं तेव्हा रडले, आजोबाही रडले, मग फोनवरच ठरवलं की पोळ्याला गोठा रिकामा ठेवायचा नाही. ते सगळं झालं तेव्हा मी वाळूजला सेकंड शिफ्टला होतो. मेघालाही माहीत होतं. आईलाही. मी रोजनिशी सुरू करायच्या आधी तीन आठवडे सगळ्यांना सगळं माहीत होतं.

मी वडलांवर चिडलो. म्हणालो, मग मला का नाही सांगितलं? मी इकडं वीस दिवस. वाक्य पूर्ण झालं नाही.

वडील वाटी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "तू आठ वर्षाचा व्हता तव्हा मी चिमण्या विकला. तू या गव्हाणीत येऊन बसला. कुणाच्यानं उठला नाय, दोन दिस जेवला नाय. म्हनून पोरांला म्हनलं, तुमच्या बापापुढं बैलाचं नाव काढू नका. त्याला सोसत नाय."

आणि पोरांनी नाव काढलं नाही. वीस दिवस. मी खुलताबादला बैल पाठवले, त्यांचं वजन वाढवलं, त्यांना पाणी मानवून दिलं, आणि सहा वर्षांची दोन मुलं बापाला बरं वाटावं म्हणून ऐकून घेत होती. वर चिक्की देत होती.

मला असलं काही आठवत नाही. चिमण्या नावाचा बैल होता एवढं आठवतं. कपाळावर पांढरा ठिपका, आणि खाताना तो आधी माझा हात हुंगायचा. बाकी काही नाही. नोंद असावी म्हणून आईला स्वतंत्र विचारलं, दोन दिवस उपाशी हे अतिशयोक्ती वाटतं. आई म्हणाली, दोन कुठले, चार.

आज दुपारी गावातल्या बैलांबरोबर आमचीही जोडी मारुतीला जाऊन आली, ताटात बसून, एक ताट शिवमच्या हातात, एक सत्यमच्या. लोक हसले नाहीत. दोघा-तिघांनी माणक्याला नावानं ओळखलं. परत आणून गव्हाणीत ठेवले आणि पुरणपोळीचा घास दाखवला.

मग सत्यमनं आजोबांना विचारलं, आता बाबांसमोर नाव घेतलं तर चालतंय का? वडील म्हणाले, त्यालाच इचार. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, गोठ्यात धूळ फार आहे, डोळ्यांत जाते, आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

आतून मेघाचा आवाज आला. ती पोरांना सांगत होती की गोठा आजीनं सकाळीच सारवलाय, तिथं धूळ नाही.